कान ऐकतो, कान तोलही सांभाळतो

आमच्या शाळेत सकाळी दुआच्या वेळी मुले रांगेत हात उचलून, डोळे मिटून उभी राहतात. चौथीच्या रांगेत एक मुलगा होता. दोन्ही कानांना यंत्रे लावलेली. दुआ सुरू झाली की तो डुलू लागे आणि थोड्याच वेळात शेजारच्या मुलाच्या अंगावर जाई. शेजारचा त्याला ढकलून देई, मग रांगेत खसखस पिके. आम्ही त्याला दोनदा समजावले, तिसऱ्यांदा रागावलो. चौथ्यांदा रांगेतून काढून पुढे एकटे उभे केले, म्हणजे कोणाच्या अंगावर रेलायला मिळणार नाही. त्या दिवशी डोळे मिटल्यावर तो सरळ पुढे पडला. हनुवटी फरशीवर आपटली आणि दोन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. भांडायला आली असेल असे वाटून आम्ही आधीच उत्तरे जुळवून ठेवली होती. ती एवढेच म्हणाली, "टीचर, तो मुद्दाम नाही करत. डोळे मिटले की त्याला जमीन कुठे आहे तेच कळत नाही. रात्री लाईट गेली तर आहे तिथेच खाली बसून राहतो."

आम्ही जुळवलेली उत्तरे घशातच राहिली. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. ज्या मुलाला ऐकू कमी येते त्याला पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे, एवढे आम्हाला ठाऊक होते आणि ते आम्ही करतही होतो. पण ज्या कानाला ऐकू येत नाही, तोच कान कधी कधी तोलही सांभाळू शकत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. त्या दोन टाक्यांनंतर आम्ही डॉक्टरांना विचारले, वाचले, त्या अम्मीसोबत तपासणीला गेलो. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत. असे एखादे मूल आपल्या घरात, मोहल्ल्यात किंवा वर्गात असू शकते आणि त्याला बेपर्वा, धडपड्या, नाटकी अशी नावे पडलेली असू शकतात.

एका घरात दोन बिऱ्हाडे

बाळ जन्मते तेव्हा आपल्या घरांत त्याच्या कानात अजान दिली जाते. तो आवाज कानाच्या पडद्यावरून, तीन इवल्याशा हाडांमधून आत अंतर्कर्णात पोहोचतो. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. ऐकण्याचे काम तिचे. तिला लागूनच, त्याच हाडाच्या पोकळीत, दुसरे इंद्रिय राहते. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. डोके वळले, मान हलली की नलिकांमधले पाणी मागे रेंगाळते आणि तिथले सूक्ष्म केस वाकतात. पिशव्यांमध्ये चुन्याचे बारीक कण असतात. डोके कलले किंवा शरीर पुढे-मागे, वर-खाली सरकले की तेही सरकतात. वर कुठे, खाली कुठे, आपण सरळ आहोत की कललेलो, ही खबर त्यावरून मेंदूला मिळते.

म्हणजे एकाच घरात दोन बिऱ्हाडे राहतात, एक ऐकण्याचे आणि एक तोलाचे. दोघांतले द्रव एकच, दोघांतल्या केसपेशी एकाच जातीच्या आणि मेंदूकडे जाणारी नसही एकच, आठवी. घराला आग लागली तर ती एकाच खोलीत थांबेल याची खात्री नसते. ज्या आजाराने ऐकणे जाते, तोच आजार पुष्कळदा तोलाच्या इंद्रियालाही इजा करून जातो. ऐकू येत नाही हे आज ना उद्या आईबापांच्या लक्षात येते. तोल गेला आहे हे मात्र लक्षात येत नाही, कारण लहान मुले पडतातच, असे आपण धरून चालतो.

तीन साक्षीदार

आपण सरळ उभे आहोत याची खात्री मेंदू तीन साक्षीदारांकडून करून घेतो. पहिला डोळा. दुसरे पाय, सांधे आणि स्नायू, जे जमिनीचा दाब आणि शरीराचा ताण कळवतात. तिसरा अंतर्कर्ण. तिघांपैकी एक गप्प बसला तरी दोघांवर काम भागते. म्हणून आमचा तो विद्यार्थी दिवसा, सपाट फरशीवर, डोळे उघडे ठेवून चालला की कोणाला काही वेगळे दिसत नसे.

अडचण येते ती दुसरा साक्षीदारही गेला की. डोळे मिटले, अंधार झाला, तर उरतात फक्त पाय. वाळूत, चिखलात, मऊ गादीवर पायांचीही साक्ष डळमळते. गादीवर उभे राहून डोळे मिटायला सांगितले, तर अशा मुलाकडे कोणताच भरवशाचा साक्षीदार उरत नाही आणि ते पडते. दुआच्या वेळी डोळे मिटायला सांगून आम्ही रोज सकाळी त्याचा एक साक्षीदार काढून घेत होतो. शेजारच्या मुलावर रेलणे हा त्याचा आधार होता. शिक्षा म्हणून आम्ही तोही काढून घेतला.

अंतर्कर्णाचे आणखी एक काम आहे. डोके हलत असताना नजर स्थिर ठेवणे. आपण चालता चालता दुकानाची पाटी वाचू शकतो ते त्यामुळे. हे इंद्रिय निकामी असले तर डोके हलताच अक्षरे थरथरतात. फळ्याकडे पाहा, वहीत लिहा, पुन्हा फळ्याकडे पाहा, या वर-खाली करण्यात असे मूल ओळ हरवते, मागे पडते, दमते. आम्ही त्याच्या वहीवर "लक्ष देऊन लिही" असा शेरा कितीदा मारला असेल, ते आता मोजवत नाही.

ही गोष्ट नवी नाही

हा संबंध विज्ञानाला फार जुना ठाऊक आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांनी 519 मूकबधिर व्यक्तींना गरागरा फिरवल्यावर चक्कर येते का, याची माहिती जमवली. 186 जणांना मुळीच चक्कर आली नाही, 134 जणांना जेमतेम आली. हार्वर्डच्या ऐकू येणाऱ्या सुमारे 200 जणांना असेच फिरवले, तेव्हा चक्कर न येणारा फक्त एक निघाला. चक्कर न येणे ही ताकद वाटेल, पण तिचा अर्थ एवढाच की चक्कर ज्या इंद्रियामुळे येते, ते इंद्रियच काम करत नव्हते.

पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने अंतराळप्रवासाच्या तयारीसाठी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातले अकरा पुरुष निवडले. त्यांपैकी दहा जणांचे ऐकणे लहानपणी मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापात, म्हणजे मेनिंजायटिसमध्ये गेले होते. सतत फिरणाऱ्या खोलीत त्यांच्यातले काही जण सलग बारा दिवस राहिले. एकदा त्यांना खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेले. ते पत्ते खेळत बसले आणि त्यांची तपासणी करायला आलेले शास्त्रज्ञच उलट्या करून बेजार झाले. शेवटी तो प्रयोग शास्त्रज्ञांसाठी थांबवावा लागला. आपल्या कोकणातल्या लोकांना बोट लागणे म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या विद्यार्थ्यालाही घाटाच्या एस.टी.त कधी उलटी झाली नाही. त्याच्या घरात हे कौतुकाने सांगितले जात होते.

याचा अर्थ प्रत्येक कर्णबधिर मुलाचा तोल बिघडलेला असतो असा नाही. अनेकांचा तोल उत्तम असतो. कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा 1924 पासून भरत आल्या आहेत. पण ज्या मुलांना दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते, त्यांच्या तपासण्यांत कुठे एक तृतीयांश, कुठे निम्म्याहून अधिक मुलांत तोलाच्या इंद्रियाचा कमी-अधिक दोष आढळला आहे. इतक्या मुलांचा प्रश्न असताना तो विचारलाच जात नाही, हे चुकीचे आहे.

कोणत्या खुणा पाहाव्यात

त्या अम्मीने आपल्या मुलाची हकीकत सांगितली. आठव्या महिन्यात त्याला जबर ताप आला, झटके आले, दवाखान्यात ठेवावे लागले. त्याआधी तो आधाराशिवाय बसत होता. घरी आणल्यावर बसवले तर बाजूला कलंडे, मानही लटपटे. सगळे म्हणाले, आजारपणाचा अशक्तपणा आहे, खाऊपिऊ घाला. दादीने तेलाने मालीश केले. तो चालायला लागला बाविसाव्या महिन्यात. मधल्या काळात दार आपटले तरी तो वळून पाहत नाही हे लक्षात आले, यंत्रे लागली, बोलायला शिकवणे सुरू झाले. चालण्याबद्दल मात्र कोणी विचारले नाही.

या हकीकतीतच मुख्य खुणा आहेत. साधारणपणे बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, सहा ते नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते आणि बारा ते पंधरा महिन्यांच्या सुमारास चालू लागते. ऐकू कमी येणारे मूल मान उशिरा धरत असेल, अठरा महिने झाले तरी चालत नसेल, किंवा बसणारे मूल तापानंतर पुन्हा बसेनासे झाले असेल, तर तोल तपासून घ्यावा. मोठ्या मुलांत पाहायच्या गोष्टी वेगळ्या. अंधारात चालायला घाबरणे, जिन्यावर कठडा न सोडणे, वाळूत वारंवार पडणे, सायकल फार उशिरा येणे किंवा न येणे. चार-पाच वर्षांपुढच्या मुलाला एका पायावर उभे करावे आणि डोळे मिटायला सांगावे. आपण मात्र त्याला धरता येईल इतके जवळ उभे राहावे. डोळे मिटताच क्षणात पाय टेकत असेल, पुन्हा पुन्हा तसेच होत असेल, तर ही खूण डॉक्टरांना सांगावी. यावरून निदान होत नाही, पण तपासणीची गरज कळते.

कारणे आणि आपली जबाबदारी

मेनिंजायटिस हे एक मोठे कारण. या आजारातून उठलेल्या प्रत्येक मुलाचे ऐकणे ताबडतोब तपासले पाहिजे. कधी कधी आजारानंतर थोड्याच काळात कर्णावर्तात हाड भरू लागते आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट बसवणे अवघड होते. या आजाराच्या दोन प्रमुख जंतूंविरुद्ध लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत एका जंतूचा बंदोबस्त आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वेळी मिळणारी न्यूमोकोकल लस दुसऱ्यासाठी आहे. आपल्या काही वस्त्यांत अजूनही लशीबद्दल कुजबुज चालते. ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी त्या अम्मीशी एकदा बोलावे.

गर्भारपणात आईला होणारे काही संसर्ग, आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शने हीदेखील कारणे आहेत. ही इंजेक्शने नवजात बाळाचा जीव वाचवतात, म्हणून डॉक्टरांनी दिली तर घ्यावीच लागतात. मात्र नंतर कानाची तपासणी चुकवू नये.

तिसरे कारण रक्तातून येते. काही दोष असे असतात की आई आणि बाप दोघेही निरोगी, पण दोघांकडे तोच लपलेला दोष असेल तर प्रत्येक गर्भात मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यात लग्न झाले की दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला शरीअतने मनाई केलेली नाही, तसेच ते करावेच असेही सांगितलेले नाही. घराण्यात एक-दोन कर्णबधिर मुले असतील तर नाते ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेण्यात लाज नाही. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मापासून बहिरे असते, उशिरा चालते आणि पुढे दहा वर्षांच्या आतबाहेर त्याला रात्री दिसेनासे होते. म्हणून बहिरे आणि उशिरा चाललेले मूल असेल, तर त्याच्या डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. तोल ज्या डोळ्यांवर उभा आहे, ते डोळेच पुढे क्षीण होणार असतील, तर तयारी लवकर सुरू झाली पाहिजे.

तपासणी कुठे, कशी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा येतात. त्यांना मुलाचे पडणेही सांगावे. ते पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. 1983 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. तोलाची तपासणी मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते. खुर्चीत बसवून हळू फिरवतात, डोके चटकन वळवून नजर कुठे जाते ते पाहतात, मानेवर तारा चिकटवून मोठा आवाज ऐकवतात. मुलाला यात इजा होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट ठरले असेल तर शस्त्रक्रियेआधी ही तपासणी करून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेनेही कधी तोलावर परिणाम होतो. कोणता कान निवडायचा, हे ठरवायला तिचा उपयोग होतो.

इलाज म्हणजे सराव

मेलेल्या केसपेशी परत येत नाहीत. पण मेंदू शिकतो. उरलेल्या दोन साक्षीदारांकडून अधिक काम करून घ्यायला त्याला शिकवता येते, आणि लहान वयात तो लवकर शिकतो. आमच्या विद्यार्थ्याला फिजिओथेरपिस्टने रोज पंधरा मिनिटांचा सराव दिला. अंगणात खडूची रेघ ओढून टाचेला बोटे लावत चालायचे. भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे. अब्बूंनी दोन्ही बाजूंनी धरलेल्या गादीवर उभे राहून चेंडू झेलायचा. भिंतीवर एक अक्षर लावून त्यावर नजर रोखायची आणि डोके डावी-उजवीकडे हलवायचे. हे अक्षर आम्ही लिहून दिले. एका आठवड्याला उर्दूचा 'बे', दुसऱ्या आठवड्याला मराठीचा 'ब'. सराव प्रत्येक मुलाचा वेगळा असतो, म्हणून तो तज्ज्ञाने ठरवून द्यावा. घरच्यांनी तो खेळासारखा करून घ्यावा.

घरातही थोडे बदल लागतात. संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, जिन्याला कठडा, मोरीत पाय न घसरणारी चटई. वुजू करताना एका पायावर उभे राहून दुसरा धुण्याऐवजी चौकीवर बसून पाय धुवावेत. नमाजमध्ये सजद्यातून उठताना अशी मुले डळमळतात. त्यांना सफच्या टोकाला, भिंतीजवळ उभे करावे, हात टेकून उठू द्यावे. ज्याला उभे राहणे जमत नाही त्याला बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. मस्जिदीतल्या बुजुर्गांनी अशा मुलाला "नीट उभा राहा" म्हणून टोकू नये, एवढी विनंती.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, पाणी. पाण्याखाली गेल्यावर अंग हलके होते, पायांना जमीन लागत नाही. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. अंतर्कर्णही गप्प असेल तर वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही, आणि मूल वर येण्याऐवजी तळाकडे पोहू लागते. जेम्स यांनीही आपल्या निबंधात या धोक्याचा विचार केला होता. आमच्या गावात उन्हाळ्यात सगळी मुले खाडीत आणि विहिरीत उड्या मारतात. अशा मुलाला पोहायला शिकवू नये असे नाही. पण स्वच्छ, उथळ पाण्यात, अंगावर जॅकेट घालून, हाताच्या अंतरावर मोठे माणूस असताना शिकवावे. विहिरीत सूर मारणे आणि संध्याकाळच्या अंधारात पोहणे त्याला पूर्ण बंद.

सरावाला आता आठ महिने झाले. तो अजून अंधारात एकटा जात नाही, पण जिना कठडा न धरता उतरतो आणि क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण मागून घेतो. दुआच्या वेळी तो रांगेच्या टोकाला, भिंतीला एक हात टेकून, डोळे उघडे ठेवून उभा राहतो. पहिल्या दिवशी एका मुलाने तक्रार केली, "टीचर, तो डोळे मिटत नाही." आम्ही सगळ्या शाळेला सांगितले की डोळे उघडे ठेवले तरी दुआ पोहोचते. त्या दिवसापासून हनुवटीवरचा तो व्रण समोर दिसला की आम्हीही डोळे उघडे ठेवतो.